‘की’ची करामत, की कोपराचा कोन?

सध्या एक दावा हातोहात फिरतो आहे. थोडक्यात तो असा: आयकिडो या जपानी युद्धकलेत स्नायूंची ताकद लागतच नाही. नाभीखालच्या ‘तांदेन’ या बिंदूतून ‘की’ नावाची वैश्विक ऊर्जा वाहते. ती सोडता आली की हात वाकत नाही, शरीर उचललं जात नाही, दहा माणसांच्या रेट्याने माणूस हलत नाही आणि हल्लेखोर स्पर्शाविना कोसळतो. पुरावा म्हणून ही प्रात्यक्षिकं, जोडीला आयकिडोचे संस्थापक मोरिहेई उएशिबा यांचं नाव, आणि शेवटी ‘विज्ञान अजून तिथवर पोचलेलं नाही’ हे ठरलेलं वाक्य.

यातली बरीच प्रात्यक्षिकं खरोखर घडतात, हे आधीच मान्य करतो. भांडण आहे ते त्यांना चिकटवलेल्या कारणाशी.

‘न वाकणारा हात हा ऊर्जेचा पुरावा आहे’

तुम्ही हात पुढे करून मनगट समोरच्याच्या खांद्यावर ठेवता, तो दोन्ही हातांनी तुमचं कोपर खाली ओढतो. पहिल्या खेपेला तुम्हाला सांगतात, ‘मूठ आवळा, जोर लावा.’ हात वाकतो. दुसऱ्या खेपेला सांगतात, ‘सैल सोडा, बोटांतून पाण्याची धार भिंतीपलीकडे चालली आहे असं समजा.’ हात वाकत नाही. टाळ्या.

कोपर वाकवतो तो बायसेप्स, सरळ ठेवतो तो ट्रायसेप्स. ‘जोर लावा’ म्हटलं की नवखा माणूस दंडाच्या दोन्ही बाजू एकदम ताठ करतो. म्हणजे त्याचाच बायसेप्स ओढणाऱ्याला आतून सामील होतो, घरभेदीच तो. पाण्याची धार मनात आणली की बायसेप्स सुटतो आणि ट्रायसेप्सला निवांत काम करता येतं. दंड ३० सेंमी आणि कोपरापासून मनगटापर्यंत २५ सेंमी धरला, तर कोपरावर ३० किलोची ओढ बसल्यावर सांध्यावर साधारण ४० न्यूटन-मीटर बलाघूर्ण, म्हणजे वाकवणारा जोर, येतं. धडधाकट प्रौढ पुरुषाचा ट्रायसेप्स एवढं पेलतो. त्यासाठी विश्वाला हात घालावा लागत नाही.

शिवाय दोन चोरवाटा आहेत. कोपराची खळगी वर असेल तर खालची ओढ बिजागरीच्या दिशेनेच बसते. सैल सोडताना हात नकळत थोडा फिरला आणि खळगी बाजूला वळली, की तीच ओढ बिजागरीला आडवी जाते आणि बराचसा भार खांदा घेतो. दुसरी चोरवाट ओढणाऱ्याची. दुसऱ्या खेपेला तो दमलेला असतो, आणि आता काय घडणं अपेक्षित आहे हे त्याला कळून चुकलेलं असतं.

शंका असेल तर मोजून पाहा. मनगट खांद्यावर न ठेवता पक्क्या आडव्या दांडीवर ठेवा, तळहात वर आणि खळगी वर. कोपराला पट्टा बांधून त्याला सामान तोलायचा हुकाचा काटा अडकवा. ओढणाऱ्याला न दाखवता नाणं उडवा: छाप आली तर मनात ‘की’चा प्रवाह, काटा आला तर फक्त ‘बायसेप्स सैल, ट्रायसेप्स चालू’. हात वाकायला लागला की आकडा लिहा आणि ओढणाऱ्याला विचारा, या वेळी काय होतं? प्रत्येक खेपेनंतर दोन मिनिटं विश्रांती, असं २० वेळा. नुसत्या अंदाजाने त्याची साधारण १० उत्तरं बरोबर येतील. १५ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता निव्वळ नशिबाने सुमारे २ टक्के असते, तेव्हा तसं घडलं तर प्रयोग पुन्हा करण्याजोगा आहे. मूठ आवळून घेतलेल्या आकड्याशी ‘की’च्या आकड्याची तुलना करून मात्र काही सिद्ध होत नाही. नेमकी हीच तुलना प्रात्यक्षिकात केली जाते.

‘इच्छा असेल तर गुरूंना कुणी उचलू शकत नाही’

त्यांना वजनकाट्यावर उभं करा. ६० किलोचा माणूस ‘जमिनीत मुळं सोडून’ स्थिर उभा राहिला तरी काटा ६०च दाखवतो. वजन तेच राहतं, अवघड होतं ते उचलणं.

ताठ माणूस खांबासारखा असतो, काखेत हात घातला की अख्खा वर येतो. सैल सोडलेल्या माणसाचे आधी नुसते खांदे वर सरकतात. उचलणाऱ्याची सुरुवातीची सगळी उचल तो ढिलेपणा भरून काढण्यात जाते आणि धड जागचं हलत नाही. झोपलेलं मूल कडेवर घेताना जड का लागतं, त्याचंही उत्तर हेच. दुसरी गोष्ट अंतराची. उचलणाऱ्याच्या कण्यापासून भार २५ सेंमीवर असताना कमरेवर जो ताण येतो, तो ५० सेंमीवर दुप्पट होतो. म्हणून ‘न उचलला जाणारा’ माणूस कोपरं किंचित पुढे ठेवतो, कंबर मागे नेतो, उचलणाऱ्याला अंगाशी येऊच देत नाही.

ही युक्ती रंगमंचावर कधीच विकली गेली आहे. १९१० च्या दशकातला बँटमवेट मुष्टियुद्ध विजेता जॉनी कूलॉन हा चिमुकला माणूस पुढे धिप्पाड लोकांना ‘मला उचलून दाखवा’ असं आव्हान देत फिरायचा. तो एक हात समोरच्याच्या मनगटावर आणि दुसऱ्याची बोटं त्याच्या मानेला लावायचा. बोटांच्या त्या जराशा दाबाने समोरच्याला मागे रोखलं जायचं आणि दोघांतलं अंतर टिकायचं. त्याच्याही आधी, १८८३ ते १८८५ या काळात, ल्युलू हर्स्ट ही अमेरिकन किशोरी काठी धरून दणकट पुरुषांना मंचभर नाचवत होती. लोक त्याला गूढ शक्ती म्हणत. १८९७ साली आत्मचरित्रात तिनेच सांगून टाकलं की सगळा खेळ बलाची दिशा वळवण्याचा होता. एवढा प्रामाणिकपणा या धंद्यात दुर्मीळ.

‘दहा जणांची रांग ढकलते तरी गुरू हलत नाहीत’

दहा जणांचा जोर बेरीज होऊन गुरूंवर येतो, हे गृहीतच चुकीचं आहे. गुरूंच्या अंगाला हात लागतो तो पहिल्या माणसाचा, आणि त्याचे हात जेवढं पेलतील तेवढंच पुढे पोचतं. मागून त्याहून जास्त रेटा आला तर त्याची कोपरं वाकतात आणि तो मधल्या मध्ये चेपला जातो. म्हणून तो स्वतःच पाय रोवून मागचा रेटा अडवतो. थोडक्यात, गुरूंना एकाच माणसाशी निभवायचं असतं.

तेही कसं निभतं? ७० किलोचा माणूस पाय जुळवून उभा आहे. त्याच्या गुरुत्वमध्याचा लंब टाचेच्या मागच्या कडेपासून सुमारे १० सेंमी पुढे पडतो. छातीवर, १३० सेंमी उंचीवर ढकललं, तर ७० × १० ÷ १३० म्हणजे जेमतेम साडेपाच किलो जोरात त्याचा तोल जातो. तोच माणूस एक पाय मागे टाकून उभा राहिला आणि मागची टाच लंबापासून ५० सेंमीवर गेली, तर २७ किलो लागतात. तिथेच त्याने ढकलणाऱ्याचे हात कंबरेच्या उंचीवर, ९० सेंमीवर घेतले, तर ३९. त्यात ढकलणाऱ्याची कोपरं खालून हलकेच वर उचलली की त्याच्या पायांवरचा भार कमी होतो आणि ते घसरू लागतात. तो भार येतो गुरूंच्या पायांवर. नीट बघितलंत तर अशा प्रात्यक्षिकांत गुरूंचे हात जवळजवळ नेहमी ढकलणाऱ्याच्या कोपरांखाली दिसतील.

त्यांना त्याच पवित्र्यात बाजूने ढकला. दोन्ही टाचांना जोडणाऱ्या रेषेला काटकोनात आधार अगदी अरुंद असतो. तिथे फारसा जोर न लावताही पाऊल उचलावं लागतं. ऊर्जा सर्वव्यापी असेल तर तिला दिशेचं वावडं का असावं?

‘स्पर्शाविना फेक’

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात. पहिली खरी आहे. धावत येणाऱ्याच्या डोळ्यांसमोर अचानक हात आला की पापणी मिटते, मान मागे जाते आणि पाय मात्र पुढेच जात राहतात. डोकं मागे, कंबर पुढे, तोल गेला. पाहून प्रतिसाद द्यायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. हात तेवढाही अवधी न देता आला तर सावरायला वेळच उरत नाही. वेळ साधण्याचं हे कसब आहे आणि ते कमवायला वर्षं जातात.

दुसरी म्हणजे दहा फुटांवरून हात फिरवला की शिष्यांची रांग आडवी. यात शिकवण पडण्याची झालेली असते. आयकिडोत ‘उके’ला, म्हणजे डाव घेणाऱ्या जोडीदाराला, पहिल्या दिवसापासून पडायला शिकवतात. ते योग्यच आहे, कारण कोतेगाएशीत, म्हणजे मनगट बाहेर मुरडून फेकण्याच्या डावात, उशिरा पडणाऱ्याचं मनगट दुखावतं. पण डाव बसण्याआधीच पडायची सवय लागली, की हळूहळू डावाची गरजच संपते. यात कुणी लबाडी करत असेलच असं नाही, सवय पुरते.

२००६ साली जपानमध्ये यानागी र्‍युकेन या स्पर्शाविना फेकणाऱ्या गुरूंनी मिश्र युद्धकलेतल्या एका खेळाडूशी लढत घेतली. शिष्यांना उडवणारी हातवाऱ्यांची ऊर्जा त्या खेळाडूला जाणवलीही नाही. काही ठोशांत गुरू खाली होते.

यावर तयार उत्तर असतं: समोरच्याचा विश्वास नव्हता. दुसऱ्या एका गुरूने तर समोरच्याच्या जिभेची जागा किंवा उचललेला पायाचा अंगठा ऊर्जेला आडवा येतो असं सांगितलं होतं. मग हल्लेखोराला ‘जीभ खाली ठेव’ अशी विनंती करावी लागेल.

‘मनगटाचे डाव ताकदीशिवाय कुणावरही चालतात’

चालत नाहीत. निक्यो या मनगट पिळण्याच्या डावात समोरच्याचं कोपर साधारण काटकोनात वाकलेलं असावं लागतं, तळहात तुमच्या छातीला पक्का चिकटलेला, आणि दाब त्याच्या मध्यरेषेकडे. कोपर सरळ झालं की डाव मेला. हात आणि छातीत दोन बोटांची फट राहिली तरी मेला. काहींची मनगटं इतकी लवचीक असतात की त्यांना निक्योत काहीच वाटत नाही. तिथे इक्क्यो हा कोपरावरचा डाव धरावा लागतो. हे सगळं सांध्यांच्या रचनेवरून आधी सांगता येतं, प्रवाहावरून नाही. शिहोनागेत, म्हणजे हात खांद्यामागे दुमडून फेकण्याच्या डावात, तर चुकीची किंमत मोठी आहे. समोरच्याचा हात त्याच्याच खांद्याजवळ न ठेवता लांब खेचला तर कोपर आणि खांदा पिळतो, आणि तो डोक्याच्या मागच्या बाजूवर पडू शकतो.

‘की’साठी किर्लियन छायाचित्रांतल्या, म्हणजे विजेचा दाब देऊन घेतलेल्या छायाचित्रांतल्या, झळाळीचाही दाखला दिला जातो. ती विद्युत विसर्गाची झळाळी असते आणि बोटाच्या ओलाव्याने व दाबाने बदलते. पुढे जाऊ.

‘खुद्द संस्थापकच ‘की’ म्हणत होते’

म्हणत होते. पण उएशिबांना (१८८३–१९६९) डाव दिले ते ताकेदा सोकाकू यांच्या दाइतो-र्‍यु जुजुत्सूने. दोघांची भेट १९१५ मध्ये होक्काइदोत झाली. त्यांची आध्यात्मिक भाषा घडली ती नंतर, ओमोतो पंथाच्या सहवासात. त्यांच्या शिष्यांकडेही पाहा. कोइची तोहेइ यांनी सगळं ‘की’च्या भाषेत मांडलं आणि १९७१ मध्ये त्यासाठी वेगळी संस्था काढली. गोझो शिओदा ‘चुशिन-र्‍योकु’, म्हणजे मध्यरेषेची ताकद, शिकवत राहिले. केंजी तोमिकी जुदोतून आलेले. त्यांनी तोल मोडण्याच्या, म्हणजे ‘कुझुशी’च्या अंगाने डावांची फोड केली. स्पष्टीकरणं तीन, इक्क्यो मात्र तिघांकडेही कोपरावरूनच चालतो.

आणि मुळात ‘की’ हा जपानीतला रोजचा शब्द आहे. ‘गेन्की’ म्हणजे ठणठणीत, ‘ब्योकी’ म्हणजे आजार, ‘तेन्की’ म्हणजे हवामान, ‘की आखूड’ असलेला माणूस म्हणजे तापट. आपला ‘जीव’ असाच आहे. जीव लावतो, जीव खातो, जीव भांड्यात पडतो, जिवाच्या आकांताने धावतो. ‘जीव ओतून काम कर’ हे ऐकून कुणी ओतलेला जीव लिटरमध्ये मोजायला बसत नाही. जपानी शिक्षक ‘की पुढे सोड’ म्हणतो तेव्हा तो बहुधा असंच काहीतरी सांगत असतो. भाषांतरात त्याची वैश्विक ऊर्जा झाली.

‘पण कल्पनेने फरक पडतो ना?’

पडतो, आणि या दाव्यातला सगळ्यात सशक्त मुद्दा हाच आहे. गाब्रिएले वुल्फ यांच्या १९९८ पासूनच्या संशोधनात दिसलं की लक्ष स्वतःच्या अवयवांवर ठेवण्यापेक्षा हालचालीच्या बाहेरच्या परिणामावर ठेवलं तर हालचाल सुधारते. ‘पाण्याची धार’ हे तसंच बाहेरचं लक्ष्य आहे. ‘तांदेन’ही उगाच निवडलेला नाही. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य उंचीच्या साधारण ५५ टक्क्यांवर, नाभीच्या थोडा खाली, ओटीपोटाच्या आत असतो. तोहेइंचं ‘वजन खालच्या बाजूला’ हे सूत्रही खांदे न उचलता हाताचा भार लोंबू देण्याची उत्तम सूचना आहे. या प्रतिमा शिकवताना खुशाल वापराव्यात.

अडचण येते ती डाव फसल्यावर. कुणीतरी मनगट धरलं आहे, विद्यार्थी तेनकान, म्हणजे वळून जोडीदाराच्या शेजारी जाण्याची हालचाल, घेतो आहे आणि जोडीदार हलत नाही. ‘तुझी की अडली आहे’ एवढं ऐकून तो काय दुरुस्त करणार? बहुतेक वेळा तिथे तीनपैकी एक चूक असते. तो मनगट स्वतःकडे ओढतो, त्यामुळे जोडीदाराला ताणून उभं राहायला आयता आधार मिळतो; मनगट आहे तिथेच ठेवून कंबर त्याच्याकडे न्यायची असते. किंवा कोपर कंबरेपासून वीतभर लांब गेलेलं असतं, खांदा वर चढलेला असतो आणि अंगाचं वजन हातापर्यंत पोचतच नाही. कोपर खाली आणि पंजा स्वतःच्या नाभीसमोर आणायचा. किंवा पुढचं पाऊल आखूड पडलेलं असतं. ते जोडीदाराच्या पुढच्या पावलाच्या बाहेर, त्याच्या बोटांच्या रेषेत पडायला हवं, आणि मगच मागचा पाय फिरवून त्याच्या शेजारी, तो बघतो त्याच दिशेला तोंड करून उभं राहायचं.