अद्ययावत होण्याचा मुहूर्त

लॅपटॉपच्या पडद्यावर तो निळसर चौकोन पहिल्यांदा अवतरला, तेव्हा मी आमच्या सोसायटीच्या टँकरच्या बिलांची बेरीज तिसऱ्यांदा करत होतो. विंडोज 11 तुमच्यासाठी तयार आहे आणि तेही विनामूल्य, असे त्यात म्हटले होते. फुकट मिळणाऱ्या वस्तूकडे पुणेकर संशयाने पाहतो आणि तरीही ती हातची जाऊ देत नाही. या दोन प्रवृत्तींच्या कात्रीत सापडून मी 'रिमाइंड मी लेटर' हे बटण दाबले. ही श्रावणातली गोष्ट.

विंडोज 10 शी माझे काही भांडण नव्हते. 29 जुलै 2015 रोजी ते आले, आणि त्याच वर्षी कंपनीतल्याच एका गृहस्थांनी जाहीर भाषणात ही विंडोजची शेवटची आवृत्ती असल्याचे सांगून टाकले होते. मराठी नाटकांच्या जाहिराती वाचत वाढलेल्या माणसाने 'शेवटचे काही प्रयोग' या शब्दांवर विश्वास ठेवायला नको होता, पण मी ठेवला. 2021 च्या ऑक्टोबरात अकरावे आले, आणि दहाव्याला सुरक्षेची ठिगळे 14 ऑक्टोबर 2025 पर्यंतच मिळतील, हेही कळले. त्या तारखेनंतर संगणक बंद पडणार नव्हता. सगळे जसेच्या तसे चालणार होते, फक्त भिंतीला नवे भोक पडले तर ते बुजवायला गवंडी येणार नव्हता. संकट असे अर्धवट असले, की निर्णय घेणे फार कठीण जाते. सरळ छप्परच कोसळणार असते, तर मी त्याच दिवशी बिऱ्हाड हलवले असते.

या बाबतीत मला सोसायटीच्या कार्यालयातल्या संगणकाचा हेवा वाटतो. तो 2016 सालचा. अकराव्याला टीपीएम 2.0 नावाची, कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारी सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. कार्यालयातला संगणक सहाव्या पिढीचा निघाल्यामुळे त्याला दारातूनच परत पाठवण्यात आले, आणि विषय संपला. माझा लॅपटॉप 2019 सालचा, नेमका आठव्या पिढीचा. काठावर पास झालेल्या मुलाच्या बापाला जशी पुढच्या प्रवेशाची विवंचना लागते, तशी ती मला लागली.

माझा भाचा हिंजवडीत याच क्षेत्रात नोकरी करतो. गणपतीत आरतीला आला असताना मी त्याला तो निळा चौकोन दाखवला. त्याने मोदक संपवला, हात पुसले आणि विचारले, "मामा, बॅकअप आहे ना?"

मी 'आहे' म्हणालो. बॅकअप आहे का, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे 'जेवलात का' या प्रश्नाच्या उत्तरासारखे द्यायचे असते.

वस्तुतः बॅकअपची हार्ड डिस्क कपाटाच्या तिजोरीत, मुदत ठेवींच्या पावत्यांखाली, 2021 पासून विश्रांती घेत होती. ती मी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी काढली, जोडली आणि माझ्या पंचवीस वर्षांच्या अनुवादांची नक्कल तिच्यावर उतरवू लागलो. काम दोन तासांचे होते. ते चार दिवस चालले, कारण मी फायली उघडून बघू लागलो.

इथे जरा थांबून सांगायला हवे. माझ्या 2010 च्या आधीच्या सगळ्या फायली युनिकोडपूर्व, म्हणजे अक्षरांचा एकच संकेत सगळ्या संगणकांनी मान्य करण्याआधीच्या, काळातल्या आहेत. त्या काळात मराठीचा प्रत्येक फॉन्ट हा एक स्वतंत्र देश होता आणि प्रत्येकाची लिपी दुसऱ्याला परकी होती. आतून ती सगळी रोमन अक्षरेच असत. फॉन्टने त्यांना वरून देवनागरीचा अंगरखा चढवलेला असे. तो फॉन्ट संगणकावर नसेल, तर 'माननीय संपादक महोदय' या शब्दांच्या जागी टोप्या घातलेले रोमन स्वर, पौंडाचे चिन्ह आणि दोन-चार उलटी प्रश्नचिन्हे दिसतात. आणि ज्या प्रणालीवर मी हे टंकलेखन केले, ती कुलपासह येत असे. कुलूप म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढा एक तुकडा, ज्याला डीटीपीवाले डोंगल म्हणतात. हा डोंगल यूएसबीच्या भोकात खोचलेला असेल तरच कळफलक मराठी बोलतो, नाहीतर मौन. माझ्या डोंगलच्या टोकाला मी लाल करगोटा बांधला आहे, कारण एकदा तो रद्दीबरोबर गेला होता आणि रद्दीवाल्याने तो प्रामाणिकपणे परत आणून दिल्यावर मी त्याला रद्दीच्या किमतीपेक्षा जास्त बक्षीस दिले होते.

हा डोंगल ज्या ड्रायव्हरवर, म्हणजे संगणकाशी त्याची ओळख करून देणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालतो, तो ड्रायव्हर कोणत्या साली लिहिला गेला, हे पाहण्याचे धाडस मी केलेले नाही. अकराव्यात 'मेमरी इंटिग्रिटी' नावाचा एक दक्ष अधिकारी आहे आणि तो जुन्या, विसंगत ड्रायव्हरांना आत घेत नाही, असे भाचा म्हणाला. दहाव्यातही तो आहे, पण माझ्याकडे त्याला कोणी उठवलेले नाही. "नव्याकडे गेल्यावर बंद करता येतो तो, मामा," असे त्याने पुढे जोडले. म्हणजे सुरक्षेसाठी नवीन घरात जायचे आणि पहिल्याच दिवशी रखवालदाराला घरी पाठवायचे. मग जुने घर काय वाईट होते?

"जुन्या फायली युनिकोडमध्ये रूपांतरित का करत नाही?" हा त्याचा पुढचा प्रश्न. करून पाहिल्या आहेत. रूपांतरात 'दुसऱ्या'तला अर्धा र रफार होऊन शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो आणि पहिली वेलांटी पुढच्या शब्दाच्या मागे लागते. चारशे पानांत अशा किती वेलांट्या असतात याचा हिशेब मी मांडला आणि तो विषय भाच्यासाठी मृत्युपत्रात ठेवायचे ठरवले.

8 सप्टेंबरला पितृपक्ष लागला. मी अंधश्रद्ध नाही, हे आमच्या घरी सर्वांना ठाऊक आहे. पण पितृपक्षात नवीन काही सुरू करू नये ही प्रथा माझ्या मनाला त्या पंधरवड्यात जितकी शास्त्रशुद्ध वाटली, तितकी आधी कधी वाटली नव्हती. शिवाय 28 सप्टेंबरला सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा होती, कारण कायद्याने ती 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. मी खजिनदार. ताळेबंद लॅपटॉपवर. सभेच्या आधी यंत्राला हात लावणे म्हणजे मांडवात नवरदेवाची शस्त्रक्रिया करण्यासारखे होते, हे सौभाग्यवतींनीही मान्य केले. त्यांनी फक्त एवढेच म्हटले, "सभा झाल्यावर कुठलं कारण काढणार आहात, ते आत्ताच ठरवून ठेवा."

त्यांच्या बोलण्याला फोनचा संदर्भ होता. तीन वर्षांपूर्वी मी उत्साहाच्या भरात फोनची मोठी सुधारणा एका रात्रीत बसवून टाकली होती. सकाळी फोन उजळला तो नव्या नवरीसारखा, पण रात्री झोपेपर्यंत टिकणारी बॅटरी त्या दिवसापासून दिवेलागणीलाच मान टाकू लागली आणि बँकेच्या अ‍ॅपने मला ओळखण्याचे नाकारले. तेव्हापासून आमच्या घरात 'अपडेट' हा शब्द 'तुम्ही पुन्हा तेच केलंत का' या अर्थाने वापरला जातो.

सभा पार पडली. टँकरचा खर्च कोणालाच पटला नाही, पण तो मंजूर झाला. आता दसऱ्याचा मुहूर्त उरला होता. साडेतीन मुहूर्तांपैकी हा एक पूर्ण, त्याला पंचांग बघावे लागत नाही, आणि 14 ऑक्टोबरला बारा दिवस शिल्लक. 2 ऑक्टोबरला सकाळी आम्ही पाटावर शस्त्रे मांडली. स्क्रू ड्रायव्हर, सुरी, माझी शाईची पेने, लॅपटॉप, हार्ड डिस्क आणि करगोट्यासह डोंगल. सौभाग्यवतींनी सर्वांना हळदकुंकू वाहिले. डोंगलला वाहताना मी "जरा बेताने" म्हणालो, कारण हळदीचा एक कण त्याच्या पितळी दातांत अडकला असता, तर माझे पंचवीस वर्षांचे वाङ्मय पिवळे पडले असते. लॅपटॉपच्या झाकणावर झेंडूचे फूल ठेवले आणि दुपारी विजय मुहूर्तावर बटण दाबायचे ठरले.

मात्र तो दिवस गुरुवार होता, आणि गुरुवारी विजेवर भरवसा ठेवण्याइतका नवखा पुणेकर मी नाही. सुट्टीच्या गुरुवारी वीज जात नाही, असे सौभाग्यवती म्हणाल्या. मी म्हणालो, जोखीम कशाला? लॅपटॉपला बॅटरी असते हे त्यांनी सांगेपर्यंत मी श्रीखंडाची दुसरी वाटी संपवून आडवा झालो होतो.

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. यंत्र जुने ठेवणे म्हणजे काय, हे मला पटवण्यासाठी त्याने 2017 च्या जूनमधल्या नॉटपेट्या या विषाणूचे उदाहरण दिले. त्या हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक जगभर बसले आणि आपल्या जेएनपीटी बंदरातल्या, त्याच समूहाच्या टर्मिनलचे कामही अडकून पडले. आणि यातले एक भोक बुजवणारे ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेले होते. "लोकांनी ते लावलं नव्हतं, मामा. 'लेटर' दाबत बसले होते."

मी हादरलो आणि रात्री हे प्रकरण मुळापासून वाचून काढले. त्यात असे निघाले, की तो विषाणू युक्रेनमधल्या ज्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरला, त्यात तो शिरला होता अपडेटच्या वाटेने. ज्यांनी ते अपडेट वेळच्या वेळी, आज्ञाधारकपणे घेतले, त्यांच्याच घरी तो आधी उतरला. मी हे भाच्याला रात्री साडेअकरा वाजता कळवले. मग वाचनाची चटक लागली. 2 ऑक्टोबर 2018 रोजी विंडोज 10 ची जी सुधारणा आली, तिने काही लोकांच्या फायलीच पुसल्या आणि ती काही दिवसांतच मागे घ्यावी लागली. तारीख पाहा, 2 ऑक्टोबर. मी दुपारी झोपलो होतो ते किती दूरदृष्टीने, हे सौभाग्यवतींना दाखवायला गेलो, तर त्या झोपल्या होत्या. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्याच सदोष अपडेटने सुमारे 85 लाख संगणक निळे पडले आणि आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले, हे मी दुसऱ्या दिवशी नाश्त्याला सांगितले. त्या म्हणाल्या, "अक्षर कसं होतं?"

यानंतरचे आठ-दहा दिवस मी परतीची वाट शोधण्यात घालवले. ती आहे. अकरावे बसवल्यावर जुनी प्रणाली एका फोल्डरात राखून ठेवली जाते आणि दहा दिवसांच्या आत मागे फिरता येते. दहाच दिवस का, हे आपल्या लोकांना समजावून सांगावे लागत नाही. दहाव्या दिवशी कावळा शिवो अथवा न शिवो, जुने ते गेले. या दहा दिवसांत माणसाने नव्या घराची पारख करायची. त्या घरात स्टार्टचे बटण, जे 1995 पासून डाव्या कोपऱ्यात आहे, ते मधोमध सरकवले आहे. म्हणजे तीस वर्षे ताटाच्या डावीकडे वाढलेली कोशिंबीर कोणीतरी भाताच्या जागी वाढावी, असा प्रकार. सेटिंगमधून ते पुन्हा डावीकडे नेता येते म्हणतात. येत असेल. पण पाहुण्याने आपल्याच घरात येऊन भांडी हलवायची आणि मग ती परत लावण्याची मुभा आपल्याला द्यायची, यातला उपकार मला कळला नाही.

13 ऑक्टोबर उजाडला. सोमवार. मी रात्री जेवण आटोपून लॅपटॉपसमोर बसलो. डाव्या हाताला हार्ड डिस्क, उजव्या हाताला डोंगल, झाकणावर दसऱ्याच्या झेंडूची वाळलेली पाकळी. सौभाग्यवती फराळाच्या भाजणीचे डबे लावता लावता अधूनमधून डोकावत होत्या. मी सेटिंग्ज उघडून अपडेटच्या पानावर गेलो, बटणावर बाण नेला, आणि तेवढ्यात त्याच्या शेजारची एक बारीक ओळ मला दिसली. विंडोज 10 ला सुरक्षेची ठिगळे आणखी एक वर्ष मिळू शकतील, नाव नोंदवा.

ही सोय कंपनीने काही महिन्यांपूर्वीच जाहीर केली होती, पण मी विषाणूंचा इतिहास वाचत असल्यामुळे ती माझ्या नजरेतून सुटली. 30 डॉलर भरा, किंवा कंपनीच्या योजनेतले 1000 गुण द्या, किंवा आपल्या सेटिंग्ज तिच्या ढगात, म्हणजे क्लाउडवर, ठेवू द्या, असे तीन मार्ग होते. तिसरा फुकट होता. पासवर्ड आठवायला चाळीस मिनिटे लागली. तो डायरीत दूधवाल्याच्या हिशेबाखाली सापडला. पुढचे काम दोन मिनिटांत झाले. पडद्यावर नवी तारीख आली, 13 ऑक्टोबर 2026. डोंगलचा करगोटा सैल झाला होता, तो मी घट्ट बांधला.

"झालं बसवून?" सौभाग्यवतींनी विचारले.

"निर्णय झाला," मी म्हणालो. "पुढच्या वर्षी. दसऱ्याचा मुहूर्त गाठून, शांतपणे."

त्यांनी काही न बोलता नव्या वर्षाची दिनदर्शिका आणली, दिव्याखाली धरली आणि ऑक्टोबरचे पान उघडले. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळे सण पुढे सरकले होते. 10 तारखेपर्यंत पितृपक्ष होता. दसरा 20 तारखेला होता. संगणक कंपनीने अधिक महिना धरलेला नव्हता.

"13 ला तिसरी माळ येते," त्या म्हणाल्या आणि दिनदर्शिका माझ्यासमोर ठेवून भाजणीकडे गेल्या.