पाळीतलं दुखणं सगळं एकच नसतं, त्या फॉरवर्डला उत्तर

सध्या बायकांच्या ग्रुप्सवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की पाळीचं दुखणं सगळ्यांचं सारखंच असतं, मूल झालं की आपोआप थांबतं, पेनकिलरने गर्भाशय कमजोर होतं आणि सोनोग्राफी नॉर्मल आली तर दुखणं मनाचं असतं. शाळकरी मुलींच्या आया हे वाचून पुढे पाठवतायत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

"सगळं सारखंच." अजिबात नाही. पाळीचं नेहमीचं दुखणं रक्त सुरू होताना किंवा जरा आधी येतं, ओटीपोटाच्या मध्यावर पेटके येतात, कंबर आणि मांड्यांपर्यंत कळ जाते, काहींना मळमळतं, जुलाब होतात, आणि दोन-तीन दिवसांत ते ओसरतं. हे प्रोस्टाग्लॅन्डिन नावाच्या द्रव्यामुळे होतं, त्याने गर्भाशय जोरात आकसतं. दोन पाळ्यांच्या मध्ये एकाच बाजूला काही तास, फार तर एक-दोन दिवस दुखणं ही वेगळी गोष्ट, ते बीज सुटतानाचं असू शकतं, आणि ते पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी येतं, म्हणजे जिची पाळी ३५ दिवसांनी येते तिला २१व्या दिवसाच्या आसपास. या महिन्यात उजवीकडे, पुढच्या महिन्यात डावीकडे असंही होतं.

आणि तिसरं, ज्याच्यासाठी खरं तर मी हे लिहितेय. दुखणं पाळीच्या कितीतरी दिवस आधीच सुरू होतं, पाळी संपली तरी रेंगाळतं, संडासला बसल्यावर आत सुरी फिरल्यासारखं होतं, संबंधाच्या वेळी खोल दुखतं, आणि वर्षागणिक वाढतच जातं. हे एन्डोमेट्रिऑसिस असू शकतं, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर गर्भाशयाच्या बाहेर वाढण्याचा आजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात पाळीच्या वयातल्या सुमारे १० टक्के बायका-मुलींना हा आजार आहे, आणि निदान व्हायला कित्येकींची वर्षं जातात कारण घरात, शाळेत, कधीकधी दवाखान्यातही "सहन कर, सगळ्यांनाच होतं" एवढंच ऐकायला मिळतं. मुलगी दर महिन्याला शाळा बुडवून पोटाशी गुडघे घेऊन पडत असेल तर ते नॉर्मल म्हणून सोडायचं नाही.

"मूल झालं की थांबतं." नेहमीचे पेटके वयानुसार किंवा बाळंतपणानंतर कमी होतात बऱ्याच जणींचे, हे खरं. पण एन्डोमेट्रिऑसिस बाळंतपणाने बरं होत नाही, आणि पस्तिशी-चाळिशीत नव्याने दुखायला लागलं, सोबत गाठी पडून खूप अंगावरून जायला लागलं तर अ‍ॅडेनोमायोसिस (ते अस्तर गर्भाशयाच्या भिंतीतच वाढणं) किंवा फायब्रॉइड (गर्भाशयातली साधी, कॅन्सर नसलेली गाठ) आहे का ते बघावं लागतं. दुखण्यावर इलाज म्हणून मुलीचं लग्न लावायचा सल्ला तर कृपा करून कुणी देऊ नका.

"पेनकिलरने गर्भाशय कमजोर होतं." नाही होत. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड या गोळ्या प्रोस्टाग्लॅन्डिनच कमी करतात, म्हणून दुखणं अगदी टोकाला जाईपर्यंत थांबण्यापेक्षा सुरुवातीलाच खाऊन घेतलेली बरी. मात्र अल्सर, किडनीचा त्रास, दमा असेल किंवा दिवस गेल्याची शक्यता असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. २०२३ मध्ये इंडियन फार्माकोपिया कमिशनने (औषधांच्या दर्जावर आणि सुरक्षिततेवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) मेफेनॅमिक अ‍ॅसिडबद्दल इशारा दिला होता तो एका गंभीर अ‍ॅलर्जीबद्दल, ती दुर्मिळ आहे, पण गोळी घेतल्यावर अंगावर पुरळ, ताप आला तर गोळी बंद आणि डॉक्टर गाठा. गरम पाण्याच्या पिशवीनेही खरंच आराम पडतो.

"सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे मनाचं." एन्डोमेट्रिऑसिसचे बारीक डाग साध्या सोनोग्राफीत बहुतेक वेळा दिसतच नाहीत. त्यामुळे रिपोर्टसोबत स्वतःची नोंद घेऊन जा: पाळीचा कितवा दिवस, कुठली बाजू, किती तास, शी-लघवीला दुखलं का, गोळीने उतरलं का. दोन-तीन महिन्यांची अशी वही समोर ठेवली की डॉक्टरांना तपासणीची दिशा मिळते.

मेसेजमध्ये एक शब्दही नाही तो तातडीच्या त्रासाबद्दल. पाळी चुकलीय आणि एका बाजूला जोरात दुखतंय, चक्कर येतेय, खांद्याच्या टोकाला दुखतंय, तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. अचानक एका बाजूला असह्य कळ आणि उलट्या, तर अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. ताप आणि वास येणारा स्राव असेल तर इन्फेक्शन. यातलं काहीही झालं तर पाळीची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, रात्र असली तरी.