कासला जा, पण आधी जानापाव बघा

श्रावण सरत आला की इंदूरच्या आपल्या मराठी घरांतून पुण्याच्या नातेवाइकांना फोन सुरू होतात, 'कासला कधी निघायचं?' कासला जायला माझी ना नाही, ते रानफुलांचं पठार आहेच तसं. पण तास-दीड तासावर जानापाव, पातालपानी, चोरल असताना 'आपल्याकडे काय, नुसतं गवत' हे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

सह्याद्रीचा काळा कातळ आणि आपल्या माळव्याचा कातळ एकाच लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. फरक पावसाचा. महाबळेश्वरला दोनशे इंचांच्या वर पडतो, आपल्याकडे सदतीस-अडतीस इंच झाला तरी लोक खूश. त्यामुळे इथे कासचे गालिचे मिळणार नाहीत. इथे फुलं शोधावी लागतात, आणि शोधायची तर जागा कळायला हवी.

तेरडा घ्या. सपाट काळ्या शेतात तो सहसा दिसणार नाही. उतारावर, कातळाच्या भेगेत, झिरपणाऱ्या पाण्याशेजारी बघा, गुलाबी फुलं ओळीने उभी असतात. पिकलेल्या बोंडाला बोट लावा, फटकन फुटून बिया उडतात. बागेतली भरगच्च पाकळ्यांची गुलमेहंदी म्हणजे हाच तेरडा, माणसाने नटवलेला. मला रानातला साधाच जास्त आवडतो. कोळसुंदा मात्र तळ्याच्या काठच्या चिखलात. जांभळी फुलं बघून हात घालाल तर काटे बोचतील, ओळख तिथेच पक्की. पावसाच्या सुरुवातीला चोरलच्या जंगलात मुसळीची पांढरी चांदण्यांसारखी फुलं येतात, पण मुळांसाठी ती इतकी खणली गेलीय की आता नशीब लागतं.

आणि केना! गौरीला आघाड्याबरोबर लागणारा, भज्यांतही चालणारा. दोन मोठ्या निळ्या पाकळ्या, खाली नरसाळ्यासारखं हिरवं आवरण आणि पान खोडाला बिलगतं तिथे तांबूस केस. हे केस बघायला पान जरा खाली ओढावं लागतं, आणि तेच कुणी करत नाही. त्याची गंमत म्हणजे जमिनीखालीही त्याला फुलं येतात, कधी न उमलणारी, आणि त्यांच्यातही बी धरतं. वरची फुलं सकाळी उमलतात, दुपारपर्यंत मिटून जातात. रविवारी पोहे-जलेबी आटोपून बारा वाजता रालामंडलला पोहोचणाऱ्यांना 'इथे काही नाही' असं वाटणारच.

देशी फुलं म्हणून जे फोटो फिरतात, त्यावरही बोलायचंय. दुभाजकावरचा नारिंगी कॉसमॉस मेक्सिकोचा. पिवळा धोत्राही तिकडचाच. एकदांडी, घाणेरी अमेरिकेतल्या. वाघनखीचं ते काळं, दोन नख्यांचं फळ बघून कुणालाही वाटेल की ही आपलीच, पण तीही मेक्सिकोकडचीच. परदेशी असणं हा गुन्हा नाही. झेंडूही तिथलाच, आणि त्याच्याशिवाय आपला दसरा होत नाही. पण पुण्यात १९५५च्या सुमारास नजरेस आलेलं गाजर गवत आज आपल्या प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर आहे, आणि ते जिथे माजतं तिथे केना-कुरडूला जागा उरत नाही. पंचाईत अशी की प्लॉट साफ करताना सगळंच एका मशीनने सपाट होतं, गाजर गवतही आणि केनाही. शहराच्या स्वच्छतेचा मलाही अभिमान आहे हो! फक्त आवारातल्या एका कोपऱ्यात भाद्रपद संपेपर्यंत मशीन फिरवू नका, गाजर गवत तेवढं हाताने उपटा (हातमोजे घालून, खाज सुटते).

कळलावी दिसली तर उपटू नका, खणून कुंडीतही आणू नका. पिवळ्याची लाल होत जाणारी, पाकळ्या मागे वळलेली ती फुलं आणि पानाच्या टोकाचा वेटोळा ताणा दुरूनही ओळखता येतो. कंद विषारी आहे, घरात लहान मूल असेल तर विचारूच नका.

फूल ओळखायला फोटो पाठवणाऱ्यांनो, ओळख सांगणाऱ्या अॅपला विचारा, मलाही विचारा. पण पानाचा आणि खोडाचा वेगळा फोटो काढा, जागा लिहा: उतार की सपाटी, ओल की कोरडं, ऊन की सावली. तळहातावर ठेवलेल्या एकट्या फुलाला मी उत्तर देणार नाही, आधीच सांगून ठेवतो.