हेन्री फोर्ड यांचे जन्मघर मूळ जागी नाही : खुलासा

मिशिगनमधील डिअरबॉर्न येथे संग्रहालय म्हणून जपलेले हेन्री फोर्ड यांचे शेतघर ‘मूळ जागी, मूळ वस्तूंसह जसेच्या तसे उभे आहे’ असा मजकूर सध्या फिरत आहे. तो बरोबर नाही. घर अस्सल आहे, ३० जुलै १८६३ रोजी फोर्ड तिथेच जन्मले, परंतु रस्त्याच्या कामात ते पाडले जाणार असल्याचे कळल्यावर १९१९ मध्ये त्यांनी ते थोडे बाजूला सरकवून घेतले आणि १९४४ मध्ये ते ग्रीनफिल्ड व्हिलेज या संग्रहालयाच्या आवारात हलवण्यात आले.

आतील मांडणीही पुन्हा उभी केलेली आहे. आई १८७६ मध्ये वारली, त्या वेळी घर जसे होते तसेच ते दिसावे, हा फोर्ड यांचा आग्रह होता. त्यासाठी घराभोवतीची माती खणून जुन्या ताटल्यांचे तुकडे शोधण्यात आले व त्यांवरील नक्षी पाहून नव्या ताटल्या घडवून घेतल्या गेल्या. मुलाच्या आठवणीतून सावरलेले हे घर मला तरी त्यामुळे अधिकच मोलाचे वाटते. मात्र त्या टेबलावरील प्रत्येक ताटलीत फोर्ड कुटुंब जेवले होते, असे सांगणे चुकीचे आहे.