किशोरीताईंच्या मैफिलीच्या व्हिडिओखाली आपण काय लिहितो

जयपूर घराण्याच्या गायिका किशोरी आमोणकर यांच्या उतारवयातल्या मैफिलींचे पुष्कळ व्हिडिओ आता यूट्यूबवर सापडतात. काही दूरदर्शनच्या जुन्या रेकॉर्डिंगमधून आलेले, काही आयोजकांनी टाकलेले, आणि बरेचसे कुणीतरी प्रेक्षकांत बसून मोबाईलवर घेतलेले. मी ते रात्री सगळं आवरलं की ऐकते. ऐकून झालं की खाली लोकांनी काय लिहिलंय तेही वाचते. त्या कमेंट्स वाचून मनात जे साचलंय ते आज लिहून टाकते. पोस्ट लांबली आहे, पण दोन ओळींत सांगण्यासारखं हे नाही.

साधारण चार तऱ्हेचं लिहिलेलं दिसतं. ‘आवाज गेला आता, थांबायला हवं होतं.’ ‘गाणं बाराव्या मिनिटाला सुरू होतं, तिथून ऐका.’ ‘केवढा हा अहंकार, प्रेक्षकांवर डाफरतात.’ आणि ‘लाँगप्लेवरचा भूप कुठे आणि हा कुठे!’ यातलं प्रत्येक वाक्य लिहिणाऱ्याला अगदी बिनधोक वाटत असणार. मला यातलं एकही पटत नाही, आणि बाराव्या मिनिटाचं तर सर्वात कमी.

त्या आधीच्या बारा मिनिटांत काय चाललेलं असतं ते बघा ना एकदा. मागे दोन तानपुरे, मांडीवर स्वरमंडल. ताई एक तार छेडतात, कान देतात, खुंटी किंचित फिरवतात, पुन्हा छेडतात. मग मागे वळून तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्येला खुणेनं काहीतरी सांगतात. तीही जव्हारी (तारेखालचा झंकार देणारा दोरा) बघते, मणी सरकवते. पुन्हा तार. पुण्यात रमणबागेच्या मैदानावर सवाई गंधर्व महोत्सवाच्या भारतीय बैठकीत बसून हे मी पाहिलेलं आहे. सुरुवातीला मंडपात कुजबुज असते, चहाचे कप फिरत असतात, कुणी जागा शोधत असतं. शेजारी कानटोपी घातलेले एक आजोबा होते. त्यांच्यासोबतचा तरुण मुलगा चुळबुळ करायला लागला तसे ते म्हणाले, ‘सूर लागू दे रे, मग बघ.’ आणि खरंच, एका क्षणी दोन्ही तानपुरे असे एकमेकांत मिसळले की त्यातून न छेडलेला गंधार, म्हणजे ‘ग’ स्वर, आपोआप ऐकू यायला लागला. मैदान गप्प झालं. अजून ताईंनी तोंडही उघडलं नव्हतं.

तो गंधार ऐकल्याशिवाय पुढचा भूप कसा कळणार? भूप रागात स्वर पाचच. सगळा कारभार कुठला स्वर किती दाखवायचा, कुठून यायचं आणि कुठे थांबायचं यावर. ताई ऋषभावरून वर निघतात आणि गंधाराच्या अलीकडेच रेंगाळतात. गंधार तानपुऱ्यात आधीच वाजत असतो, आपल्याला तो माहीत असतो, त्यामुळे त्यांनी न घेतलेला स्वरसुद्धा आपण ऐकत असतो. आणि मग त्या तिथे जाऊन बसतात तेव्हा अंगावर काटा येतो. व्हिडिओ पुढे सरकवून थेट बंदिशीवर जाणाऱ्याला बंदिशीचे शब्द मिळतात, ही वाट बघणं मिळत नाही. ‘गाणं इथून सुरू होतं’ असं लिहून आपण दुसऱ्या हजार जणांचीही ती संधी घालवतो, म्हणून मला त्याचा राग येतो.

आता लाँगप्लेची, म्हणजे जुन्या मोठ्या तबकडीची तुलना. एच.एम.व्ही.च्या त्या रेकॉर्डींवर माझंही अतोनात प्रेम आहे. आमच्या पिढीला जयपूर घराणं त्यांनीच ओळखीचं केलं. पण लाँगप्लेची एक बाजू २०-२२ मिनिटांची. तेवढ्यात राग उभा करायचा, ताना घ्यायच्या, द्रुतही उरकायचं. स्टुडिओत एखादी जागा चुकली तर पुन्हा घेता येते. तिथे ताईंनी जे केलं ते अत्यंत घोटीव आहे, पण ते त्या मापात बसवलेलं आहे. मैफिलीत त्याच रागाला तास-सव्वा तास मिळतो आणि काय होईल ते गाणाऱ्यालाही आधी ठाऊक नसतं. एखादी जागा त्या घ्यायला जातात, हवी तशी येत नाही, तर पुढे जात नाहीत. पुन्हा तिथेच जातात. तिसऱ्यांदा ती वेगळ्याच वाटेनं येते आणि ही वाट त्यांना त्या रात्रीच सापडली हे ऐकणाऱ्याला स्वच्छ कळतं. हे लाँगप्लेत मिळणार नाही. दोन्ही ऐका, पण एकाच्या फूटपट्टीनं दुसरं मोजू नका.

आवाजाबद्दल लिहिणाऱ्यांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. ऐन तरुणपणी ताईंचा आवाज काही काळ पूर्ण गेला होता. गाता येत नव्हतं तेव्हा त्या मनात गात राहिल्या, असं त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. त्यांचं गाणं विचारावर इतकं का उभं आहे याचं थोडं उत्तर मला त्यात दिसतं. सत्तरीनंतर तार सप्तकातली सहजता कमी झाली, श्वास तोकडा पडायला लागला, हे ऐकू येतंच. नाकारायचं कशाला? पण त्याच काळात आलाप किती आत गेला तेही ऐका. पूर्वी जी जागा एका झपाट्यात पार होत होती तिथे त्या आता थांबून प्रत्येक श्रुतीला विचारत पुढे जातात. २०१७च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, पंच्याऐंशीच्या उंबरठ्यावर. शेवटपर्यंत गात होत्या. त्या वयातला यमन किंवा भूप ऐकून कुणाला फक्त घोगरेपणा ऐकू येत असेल तर त्यांनी एकदा डोळे मिटून, पडद्याकडे न बघता ऐकावं एवढीच विनंती. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या बघत ऐकलं की आवाजही म्हातारा वाटायला लागतो. पडदा बंद करून ऐकलं तेव्हा हे मला फार जाणवलं.

शिवाय आपण जे ऐकतो ते त्यांच्याच गळ्यातून जसंच्या तसं आलेलं आहे का, हा प्रश्न कमेंट करण्याआधी कुणी विचारताना दिसत नाही. मोबाईलचा माईक आवाजाची पातळी आपोआप सारखी करत राहतो. बारीक आवाज असला की उचलतो, मोठा झाला की दाबतो. ताईंच्या गाण्यातली सगळी जादू तर अगदी निसटत्या मींडेतून (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यातून) भरदार आकारात उमलण्यात आहे. तीच त्यात सपाट होते. मग लोक लिहितात, ‘एकसुरी वाटतंय.’ तानपुऱ्याच्या खर्जाची तर मोबाईलच्या स्पीकरवर वाटच लागते, कारण तेवढे खालचे स्वर त्या चिमुकल्या स्पीकरला वाजवताच येत नाहीत. तानपुरा नीट ऐकूच येत नाही आणि वर ‘सूर हलतोय’ असा शेरा! सूर कशाच्या तुलनेत हलतोय ते तरी कळायला नको का? साधा बरा हेडफोन लावला तरी निम्म्या तक्रारी गळून पडतील.

कॅसेटवरून चढवलेल्या रेकॉर्डिंगची गोष्ट आणखी वेगळी. टेप सहा टक्के जोरात पळाली की सूर अर्ध्या स्वरानं चढतो. पेटीच्या काळी एक पट्टीत गायलेलं तिच्या शेजारच्या पांढरी दोनमध्ये ऐकू येतं. आवाज किनरा होतो, तान खरी होती त्याहून जलद वाटते. मग एक जण ‘काय वेग आहे!’ म्हणून नमस्कार घालतो आणि दुसरा ‘आवाज पातळ आहे’ म्हणून नाकं मुरडतो. दोघंही टेपरेकॉर्डरच्या मोटरबद्दल बोलत असतात. हे दुरुस्त करता येतं, बरं का. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये मागे बऱ्याचदा विजेची बारीक गुणगुण असते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ती गुणगुण कुठल्या सुरात ऐकू येते त्यावरून टेप किती पळाली ते काढता येतं. असं करून व्यवस्थित वेगात रेकॉर्डिंग टाकणारी काही माणसं आहेत आणि त्यांचे माझ्यासारख्या श्रोत्यांवर फार उपकार आहेत.

राहिला ताईंच्या चिडण्याचा मुद्दा. ताई मैफिलीत चिडल्याचे तुकडे तेवढे कापून फिरवले जातात आणि त्याखाली सर्वात जास्त लिहिलं जातं. पुरुष गवयाच्या लहरीपणाचे किस्से आपण पिढ्यानपिढ्या कौतुकानं सांगतो, ‘बुवांचा मूड नव्हता’ म्हणतो. तीच गोष्ट बाईनं केली की तो अहंकार होतो. आई आणि गुरू मोगूबाई कुर्डीकरांच्या मागे तानपुऱ्याला बसून ताई लहानपणापासून गावोगाव हिंडल्या. गाणाऱ्या बाईला कुठे उतरवतात, कसं वागवतात, बिदागी देताना कसं बोलतात, ते त्यांनी बघितलं होतं. आपण हे चालवून घेणार नाही असं तेव्हाच मनात धरल्याचं त्यांनी मुलाखतींमधून सांगितलं आहे. म्हणून त्या शांतता मागायच्या, हवी तशी व्यवस्था मागायच्या, सूर लागत नाही तोवर सुरू करायच्या नाहीत. त्यांच्यानंतर ज्या मुली मानानं व्यासपीठावर बसून गातात, त्यांना यातलं काहीतरी नक्की मिळालेलं आहे. प्रत्येक वेळी त्यांचं बोलणं योग्यच होतं असं मी म्हणत नाही. समोरच्या साध्या श्रोत्याला कधीकधी ते लागलंही असेल. पण दीड मिनिटाचा चिडण्याचा तुकडा बघून माणसाचा निकाल लावणाऱ्यानं त्याच मैफिलीतला पुढचा तास ऐकलेला नसतो, हे मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं.

टीका नकोच असं माझं म्हणणं मुळीच नाही. उलट याच व्हिडिओंखाली कधीकधी इतकी सुंदर टीका वाचायला मिळते की मी ती वहीत उतरवून घेते. एकानं लिहिलं होतं की जयपूर घराण्यात आलाप लयीला बांधून चालतो, घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेबांची तालीम मध्यलयीच्या अंगाची, आणि ताईंनी लय इतकी खाली आणली की समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची ओढच कमी झाली. हा मुद्दा वजनदार आहे. मोगूबाईंच्या मोजक्या रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकल्या की तो अधिकच पटतो. त्यांच्याकडे ताल कसा अंगात मुरलेला, प्रत्येक फेक समेकडे झेपावणारी. त्या टीकेला दुसऱ्यानं उत्तर दिलं होतं की ताई भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडेही शिकल्या, मींडेचं आणि संथ आलापाचं अंग तिथून आलं, आणि घराण्याची चौकट त्यांनी जाणूनबुजून ओलांडली. मी या दुसऱ्या बाजूची. मला त्या संथपणात जे मिळतं ते समेच्या ओढीपेक्षा मोठं वाटतं. तरी पहिल्या माणसाचं म्हणणं वाचल्यावर मी ताईंना जास्त लक्ष देऊन ऐकायला लागले. कमेंट असावी तर अशी. तीसुद्धा काही जणांना बोचली आणि त्यांनी ‘गानसरस्वतींवर (ताईंना लोक असं म्हणतात) बोलण्याची तुमची लायकी काय’ असं सुनावलं. हेही बंद व्हायला हवं. ताईंनी स्वतः आयुष्यभर प्रश्न विचारले, आईच्या गाण्यालाही विचारले. त्यांच्या नावानं दुसऱ्याचा प्रश्न गप्प कसा करायचा?

आणखी एक खंत आहे. व्हिडिओत ताई दिसतात, नाव ताईंचं, आणि साथीदार? कॅमेरा त्यांच्याकडे वळतच नाही, खाली नावही नसतं. संथ लयीत तासभर ठेका धरून ठेवणं, एकही बोल जास्तीचा न वाजवता, हे किती अवघड आहे ते कुठल्याही तबलजीला विचारा. संवादिनीवर पुरुषोत्तम वालावलकर असोत, व्हायोलिनवर मिलिंद रायकर असोत, ताईंची एखादी जागा सुटल्यावर तिचा शेवट हलकेच उचलून धरणारी ही माणसं. मागे बसून सूर देणाऱ्या शिष्या तर कुणाच्या खिजगणतीत नसतात. खाली कुणीतरी जाणकार येऊन लिहितो, ‘तबल्यावर अमुक, तानपुऱ्यावर अमुक, गाव अमुक, साल अमुक.’ त्याला चारच लाइक असतात. माझ्या लेखी त्या पानावरची ती सर्वात मोलाची ओळ असते.

हे सगळं मला इतकं महत्त्वाचं का वाटतं? अल्लादियाखाँसाहेबांचा आवाज आपण कुणीही ऐकू शकत नाही. त्यांच्या काळातले गवई भास्करबुवा बखल्यांचाही नाही. त्यांचं गाणं कसं होतं ते लोकांनी लिहून ठेवलेल्या वर्णनांवरून आपण कल्पनेत उभं करतो. अल्लादियाखाँच्या शिष्या केसरबाई केरकरांची जेमतेम साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानातून अवकाशात गेली, पण त्यांची अख्खी रात्र रंगलेली मैफल ऐकायची म्हटलं तर हाताशी फारच थोडं आहे. आणि त्याच परंपरेतल्या किशोरीताईंचे तासन्तास आपल्याकडे आहेत. दिसतात, ऐकू येतात, सूर जुळवताना, अडखळताना, सापडताना. फुकट, घरबसल्या, पहाटे चारलाही.

तर ज्यांच्याकडे घरी अशा मैफिलींच्या जुन्या कॅसेट आहेत त्यांना माझं सांगणं आहे. अपलोड करण्याआधी डबीवरच्या चिठ्ठीचा फोटो काढा, त्यावर वडिलांच्या किंवा काकांच्या अक्षरात गाव, साल, साथीदार लिहिलेले असतात. ती सगळी माहिती व्हिडिओखाली टाका. सुरुवातीचं सूर जुळवणं कापू नका. वेग बिघडलाय असं वाटलं तर मला इनबॉक्समध्ये कळवा, ते नीट करून देणाऱ्या एक-दोन जणांशी मी गाठ घालून देते. आणि फितीला बुरशी आली असेल तर ती घरच्या टेपरेकॉर्डरवर अजिबात लावू नका, आधी साफ करून घ्या.