"कितीला जाईल?" हे आधी विचारू नका

घरी आलेल्या कुणाला माझ्या खेळाडूंच्या कार्डांचा अल्बम दाखवला की दोन पानं उलटायच्या आत प्रश्न येतोच, "यातलं एखादं कितीला जाईल गं?" मला हा प्रश्न मनापासून खटकतो. तोवर त्यांनी एकाही खेळाडूचं नाव वाचलेलं नसतं.

बातम्याच तशा येतात म्हणा. २०२२ मध्ये बेसबॉलपटू मिकी मँटलचं टॉप्स या अमेरिकन कंपनीने १९५२ मध्ये काढलेलं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. पण ते एवढं दुर्मीळ का झालं? तेव्हा ही कार्डं बबलगमच्या पाकिटातून चिल्लर पैशांत मिळायची. पोरांनी ती सायकलच्या स्पोकमध्ये खोचली, आयांनी साफसफाईत टाकून दिली. न खपलेला माल १९६० मध्ये बोटीत भरून अटलांटिकमध्ये टाकला, असं टॉप्सच्या साय बर्गर यांनीच सांगून ठेवलंय. उलट १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत लोकांनी गुंतवणूक म्हणून खोकीच्या खोकी सील न फोडता माळ्यावर टाकली. कंपन्यांनीही ढिगाने छापली. त्यातल्या बहुतेक कार्डांना आज कुणी विचारत नाही. त्या काळाला तिकडे 'जंक वॅक्स'च म्हणतात, म्हणजे मेणकागदाच्या पाकिटांतला कचरा.

मला आदर वाटतो तो जेफरसन बर्डिक यांचा. सिरॅक्यूजच्या कारखान्यात काम करणारा साधा माणूस. संधिवाताने हात वाकडे झालेले. त्यांनी तीन लाखांहून जास्त कार्डं आणि छापील कागद जमवले, अमेरिकन कार्डांची पहिली मोठी सूची केली आणि सगळा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकला. आज लाखो डॉलरना जाणाऱ्या, जुना बेसबॉलपटू होनस वॅग्नरच्या कार्डाला 'टी २०६' म्हणतात, तो क्रमांक त्यांच्याच सूचीतला. नुसतं देऊन थांबले नाहीत. वर्षानुवर्षं म्युझियममध्ये बसून त्यांनी ती कार्डं स्वतः अल्बममध्ये चिकटवली. हो, गोंद लावून! १९६३ च्या जानेवारीत काम संपलं आणि दोनच महिन्यांत ते गेले. गोंद लागलेल्या कार्डाला आजच्या बाजारात काय भाव येईल, हे वेगळं सांगायला नको. त्यांना ती लोकांनी पाहावीत असं वाटत होतं.

आमच्या पिढीने कार्डांवरचा हा जीव डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कुस्तीगिरांच्या ट्रम्प कार्डांत अनुभवलाय. रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स. अगडबंब योकोझुना हातात आला की "वजन!" असं ओरडायचं आणि समोरच्याचं पान ओढायचं. माझ्या मावसभावाचा गठ्ठा अजून आहे. कोपरे गोल झालेत, रबरबँडने मधोमध खाच पडलीय, अंडरटेकरच्या मागे बॉलपेनने त्याचं नाव लिहिलंय. कार्डाची अवस्था बघून गुण देणारे ग्रेडिंगवाले याला दहापैकी एक देतील. मला मात्र तो गठ्ठा बघताना कोण कुणाशी भांडलं तेसुद्धा आठवतं.

विकणाऱ्यांशी माझं वैर नाही. पण मुलांना पहिलं पाकीट घेऊन देतानाच "फोडू नकोस, पुढे पैसे येतील" असं सांगू नका, ही कळकळीची विनंती. फोडू द्या, डबल आलेली बदलू द्या, मागचे आकडे पाठ होऊ द्यात.

माझ्याकडे आयपीएलच्या खेळाडूंच्या 'क्रिकेट अटॅक्स' मालिकेची बरीच डबल कार्डं पडून आहेत. कुणाच्या मुलाचा किंवा मुलीचा सेट अडला असेल तर कोणती हवीत ते सांगा. पैसे नकोत, तुमच्याकडची डबल पाठवा.