मी सामानापाशी बसते

आज सकाळी आमच्या हायकिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं की शनिवारी वॉटरफ्रंटचा फेरा करू या, ज्यांचे आईबाबा आलेत त्यांनी त्यांनाही आणा. दोन मिनिटांत उत्तर आलं: "त्याला हाइक म्हणत नाहीत, ताई. ती म्हाताऱ्यांची आणि स्ट्रोलरवाल्यांची शतपावली." खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

तिथे गप्प बसले. इथे बसणार नाही.

अमेरिकेतल्या ऑरेगनमधलं आमचं पोर्टलंड ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. गावाच्या मधून विलॅमेट नदी वाहते. अलीकडच्या काठाने बागेतून चालत जायचं, स्टील ब्रिजवरून पलीकडे, पलीकडच्या काठाने परत आणि हॉथॉर्न ब्रिजवरून पुन्हा अलीकडे. साधारण साडेचार किलोमीटर, सगळं फरसबंद, सपाट, पुलांपाशी तेवढा थोडा चढउतार. बाबागाडी जाते, व्हीलचेअर जाते, गुडघे बदललेली माझी आई जाते.

आईचंच सांगायचंय.

मागच्या वेळी ती सांगलीहून आली तेव्हा पहिल्याच रविवारी मी तिला मल्टनोमा फॉल्सला नेलं. ६२० फुटांचा धबधबा, बघून ती हरखली. मग आम्हाला वर जायचं होतं. वाट नागमोडी, चढ खडा. आई म्हणाली, "तुम्ही जा गं, मी सामानापाशी बसते." आणि मी गेले! दोन तासांनी खाली आले तर बाई बाकावर, मांडीवर आमच्या तीन पिशव्या, थर्मास, नातवाचं जर्किन. "छान झालं ना?" असं तिनेच मला विचारलं.

आपल्या सगळ्यांच्या आया हेच वाक्य म्हणत आल्यात ना? सिंहगडाच्या पायथ्याशी म्हणाल्या, समुद्रावर म्हणाल्या, इथे येऊनही तेच. सहा महिने पोरांच्या घरी राहायचं, पोळ्या लाटायच्या, नातवंडं सांभाळायची आणि रविवारी पार्किंगजवळच्या बाकावर पिशव्या राखायच्या. मग आपण डोंगरावरचे फोटो टाकायचे, "फॅमिली टाइम"!

वॉटरफ्रंटवर ती पहिल्यांदा माझ्या पुढे चालली. स्टील ब्रिज १९१२चा. चालणाऱ्यांची वाट खालच्या मजल्यावर, रुळांना लागून. आम्ही मध्यावर असताना शेजारून मालगाडी धडधडत निघाली. आईने माझा हात घट्ट धरला आणि डबे मोजायला लागली, मिरजेच्या फाटकात मोजायची तसे. पलीकडे उतरलं की वाटेचा एक तुकडा चक्क पाण्यावर तरंगतो. पाणी चढलं की वाट चढते, उतरलं की उतरते. एक बोट गेली, पायाखाली जरासं हललं. आई थांबली. मला वाटलं घाबरली. तर म्हणते, "होडीत बसल्यासारखं वाटतंय की गं." सांगलीत घाटावरून होडीत बसायची ती, लग्नाआधी. मला हे माहीतच नव्हतं.

बरं, मान्य. पलीकडच्या काठाला डोक्यावर आय-फाइव्ह महामार्गाची घरघर असते, सायकलवाले अंगावर आल्यासारखे येतात. झालं?

पण अलीकडच्या काठाचं ऐका. बाग आहे तिथे पूर्वी हार्बर ड्राइव्ह नावाचा हमरस्ता होता. १९७४मध्ये तो बंद करून उखडला आणि तिथे हिरवळ केली. आईला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. "रस्ता काढून बाग? आपल्याकडे उलटं असतं." पलीकडची वाट तर २००१ची. म्हणजे कुणीतरी बसून ठरवलं, खर्च केला, की माणसाला नदीपाशी सहज जाता यावं. आणि आमच्या ग्रुपला त्याची लाज वाटते, कारण घाम येत नाही.

तुमचा डॉग माउंटन तुम्हाला लखलाभ. मीही जाते, तंगड्या तुटेस्तोवर चढते, पुढेही चढेन. म्हाताऱ्यांची शतपावली म्हणणाऱ्याचा मात्र सकाळी भयंकर राग आला होता. आता लिहिता लिहिता तो उतरलाय, कारण त्याच्यापेक्षा वाईट मीच वागले होते. तो नुसता बोलला. मी आईला दोन तास बाकावर बसवून आले.

परवा परत गेलो होतो. हॉथॉर्नपाशी पोचलो आणि घंटा वाजली, फाटक पडलं. १९१०चा पूल, मधला तुकडा जसाच्या तसा लिफ्टसारखा वर गेला, रस्त्यासकट. खालून उंच डोलकाठीची बोट सावकाश निघून गेली. सायकलवाले घड्याळं बघत होते. आई मात्र मान वर करून उभी. पूल खाली आल्यावर मला म्हणाली, "अजून एक बोट येईल का गं?" आम्ही पाऊण तास थांबलो. आली नाही.

तर शनिवारी नऊ वाजता, सॅमन स्ट्रीटच्या कारंज्यापाशी. वाटेत शनिवारचा बाजार लागतो, तिथे आयांना घाई करायची नाही. आई बटाटेवडे करणार म्हणतेय. डब्याची पिशवी माझ्याकडे असेल.